दुर्गा हालली नाही

बोदलकसा
३ ऑक्टोबर २०२५

चि. राजदीप,
जयभीम.

तुले फोन करून करून बोटं दुखली माझी. दोन शब्द बोलत नाही तं "आत्या, आवाज कटून राहिला" म्हनतेस आन ठेवून देतेस. म्हनून आता कागद धाडते. कागदाचा आवाज कटत नाही.

तू बेसबॉलचा अंपायर झालास, तवा मी घरचं तेल नेऊन, मी शाळेत रांधते त्या खिचडीत टाकलं होतं. साऱ्या पोट्ट्यायले सांगतलं, खा रे, माझ्या भाच्याच्या नावानं खा. आता त्याच शाळेच्या पोरी ताट घ्याले येतात आन माझ्याकडं पाहतही नाही. काऊन, तं माझ्या भाच्यानं त्यायले फायनलमध्ये हरवलं.

मंगळवारी काय झालं ते मले शालीकराम सरनं सांगतलं. सर पोरीयचे खेळाचे मास्तर, खोटं बोलनारा मानूस नाही. म्हनले, आपली टीम एका रननं मागं होती. शेवटची पाळी, एक पोरगी आउट झालेली. आसारामची दुर्गा पहिल्या बेसवरून पळाली. दिव्यानं बॉल मारला, तो जमिनीवरून गेला आन सरळ मधातच थबकलेल्या दुर्गाच्या पायाले लागला. तू मूठ उगारून दुर्गाले आउट देल्लं. ठीक. मंग दिव्यालेही आउट देल्लं! तिनं का केलं होतं बापा? तिनं तं बॉल मारला. बॅट देल्ली कायले मंग तिच्या हाती?

एका बॉलवर दोन पोरी आउट, पहिलीची मिळून तीन झाल्या, खेळ खतम. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हनतात ते हेच. इथं तं चोरही नव्हता.

मले लेखी जवाब पाहिजे. घरी सारे बरे आहेत.

तुझी आत्या,
धनवंता


फुलचूर, गोंदिया
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

तुझं पत्र मिलच्या पत्त्यावर आलं. आमच्या राइस मिलमध्ये पहिल्यांदाच कुणाचं हातानं लिहिलेलं पत्र आलं, त्यामुळे सगळ्या ऑफिसनं ते आधी पाहिलं. आता मला सगळे "लेखी जवाब" म्हणून हाक मारून राहिले.

आत्या, अंपायर भाचा नसतो, काका नसतो. हे तुला पटणार नाही, तरी सांगतो. नियम असा आहे. बॅटरनं मारलेला बॉल कुणा फिल्डरला लागण्याआधी, किंवा फिल्डरच्या जवळून मागं निघून जाण्याआधी, जर पळणाऱ्या रनरला लागला, तर रनर आउट. मुद्दाम लागला की चुकून, हे इथं कुणी विचारत नाही. बॉल तिथंच मेला. बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो. नियम असा नसता, तर रनर लोक फिल्डरसमोर भिंतीसारखे उभे राहिले असते आणि बॉल कुणाच्या हातीच आला नसता.

एवढंच असतं तर फक्त दुर्गा आउट झाली असती. दिव्या पहिल्या बेसवर गेली असती, खेळ पुढे चालला असता. पण दुसरा एक नियम आहे. फिल्डर एकाच बॉलवर दोघींना आउट करण्याच्या तयारीत असेल आणि तो डाव मोडायला रनर जाणूनबुजून बॉलच्या आड आली, तर तिच्यासोबत बॅटरसुद्धा आउट. दुर्गाच्या ठीक मागं दुसऱ्या बेसची फिल्डर हात खाली करून बसली होती. बॉल तिच्या हातात गेला असता तर दोघी गेल्याच होत्या. दुर्गानं तो स्वतःच्या पायावर घेतला. मी पाहिलं आत्या. तिचे डोळे बॉलवर होते. तिला बॉल दिसत होता आणि ती जागची हलली नाही. सांग, ज्याला लागून घ्यायचं नाही तो माणूस उडी नाही मारणार?

मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं: जाणूनबुजून. शब्द कडक आहे, पण नियमातच तो आहे.

तब्येत सांभाळ. तेल आता खिचडीत नको टाकू, स्वतः खा.

तुझा,
राजदीप


बोदलकसा
१६ ऑक्टोबर २०२५

चि. राजदीप,
जयभीम.

तुझा जवाब वाचला. तू म्हनतेस बॉल मेला. मेलेल्या बॉलनं दोन पोरी मारल्या, हे मले आजवर कुठं ऐकू नाही आलं.

मी काही अडानी नाही. खिचडी वाटून झाली, तवा मी पोरीयले म्हनलं, मांडा व विटा. चार विटा मांडल्या, मी मधात उभी राहिली. मंग एकेक करून विचारलं. बॉल फिल्डरच्या टांगेतून निघाला आन मंग मले लागला तं? पोरी म्हनल्या, फिल्डरनं सोडला म्हनून आउट नाही. मी विटेवर पाय ठेवून उभी असन तं? त्याच्यावर पोरीयचंच भांडन लागलं. अर्ध्या म्हनतात आउट, अर्ध्या म्हनतात नाही. तुमचा नियम तुमच्या खेळनारायलेच ठाऊक नाही, आन तू मले शिकवून राहिलास! या विटेचं काय ते लिहून धाडजो.

आता खरं सांगते, कायले एवढी तगमग आहे ते. आसाराम तुले ठाऊक नसन. जंगलात कामाले जाते, उन्हाळ्यात वनवा इझवाले पहिला तोच असते. गोंडाच्या पाच-सात घरायमधलं घर. बोलत नाही फार. दुर्गा नुसती हरली असती तं त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडली असती. पन तुझा तो शब्द शालीकराम सरनं शाळेच्या सभेत वाचून दाखवला. पोरगी जाणूनबुजून आड आली. म्हनजे खोटं खेळली. आसारामनं तितंच उठून सांगतलं, माझी पोरगी आता खेळनार नाही. त्याच्या घरात कोनी आजवर मोजमापात खोटं केलं नाही, आन पोरीचं नाव चार लोकायत असं निघालं.

डिसेंबरात जिल्ह्याच्या टीमची निवड आहे. सर म्हनतात, दुर्गासारखी पळनारी या भागात नाही, ती गेली तं तिचं नाव नक्की लागते. आन ती माझ्या चुलीजवळ बसून तांदूळ निवडते. तिले विचारलं, का झालं व त्या दिवशी? तं एकच बोलते, "मी हालली नाही." आन पुन्हा सूप हाती घेते. राजदीप, मले त्या पोरीकडं पाहवत नाही.

तुझी आत्या,
धनवंता


फुलचूर, गोंदिया
२५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

आधी तुझ्या विटेचं. विटेवर, म्हणजे बेसवर उभं असलं तरी रनर आउटच. बेस म्हणजे काही आईचा पदर नव्हे. आपल्याकडच्या पोरी सॉफ्टबॉल खेळून बेसबॉलकडे येतात. सॉफ्टबॉलमध्ये बेसवर पाय असला तर सूट मिळते, म्हणून अर्ध्या पोरींना तसं वाटतं. दोन्ही खेळ बहिणी-बहिणी आहेत, पण घरं वेगळी. आणि टांगेतून निघालेल्या बॉलचं त्यांनी बरोबर सांगितलं, फक्त मागं दुसरी फिल्डर तो पकडायच्या तयारीत नसावी.

आता दुर्गाचं. आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्याच पत्रात जवाब आहे. ती स्वतः म्हणते, "मी हालली नाही." मी तेच तर लिहिलं होतं! पोरगी इमानदार आहे, कबूल करून राहिली. मला तिच्याबद्दल राग नाही. त्या वयात टीमसाठी पोरं असं करतात. वर्षभरात सगळे विसरून जातील.

आसारामभाऊंना सांग, ही काही चोरी नाही, खेळातली गोष्ट आहे. मी याहून जास्त काय करू? अंपायर लोकांच्या म्हणण्यावर शब्द बदलायला लागला तर उद्या त्याला कोण विचारेल? मला पुढच्या वर्षी राज्याच्या अंपायर पॅनलवर जायचं आहे.

तुझा,
राजदीप


बोदलकसा
१७ नोव्हेंबर २०२५

राजदीप,

तुझ्या मागच्या पत्राले मी जवाब देनार नव्हती. "कबूल करून राहिली" हे वाचून मी तो कागद चुलीत टाकला. पन काल जे झालं ते तुले सांगतल्याबिगर मले जेवन जानार नाही.

काल इतवार. मी न् दुर्गा सरपनाले गेलो. तलावाच्या पारीवरून पुढं, जिथं बोरी आहेत तिथं. मी पडली गोंदियाजवळच्या नागऱ्याची, देवळाजवळ वाढलेली. लग्न होऊन इथं आली त्याले इतके वर्षं झाले, पन जंगलाचं भेव काही गेलं नाही. दुर्गा पुढं, मी मागं. बोरीच्या झाडाखाली काही काळं हालून राहिलं. मले वाटलं म्हैस. त्यानं मान वर केली, तं अस्वल!

व माय! माझी मोळी पडली. मी पळाले वळलीच होती, तं दुर्गानं माझा हात असा धरला का बांगडी रुतली. बारीक आवाजात म्हनते, "मावशी, हालू नोको." आन ती उभी राहिली. डोळे त्या अस्वलावर. पाय जमिनीत रोवल्यावानी. ते आमच्याकडं आलं, थांबलं, नाक वर करून वास घेतला. राजदीप, मी बुद्धाचं नाव घेत होती. मंग ते वळलं न् गेलं निघून.

घरी येईपर्यंत मी रडत होती. ती म्हनते, "मावशी, पळालं का तो मागं लागते. उभं राहिलं का जाते." कोनं शिकवलं म्हनलं. तं म्हनते, बाबानं. पहाटे मोहफुलं वेचाले जातात ना हे लोक, तवा अस्वलही येते मोहं खायाले. ही रांगत होती तवापासून बापानं एकच शिकवलं, अंगावर काही येऊन राहिलं तं त्याच्याकडं पाहा, आन हालू नोको.

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "आन त्या दिवशी बॉल आला, तवा?" तं पोरीनं मान खाली घातली. म्हनते, "तसंच झालं मावशी. मी म्हनत होती पळ, पाय ऐकेच ना." मी म्हनलं, मंग तू अंपायरले सांगतलं काऊन नाही? तं म्हनते, "त्यायनं विचारलंच नाही. मूठ उगारली."

तू म्हनत होतास ना, ज्याले लागून घ्यायचं नाही तो उडी मारते? तो गोंदियाचा मानूस मारते बापा. इकडचं लेकरू थांबते. ती तुले कबूल नव्हती करत. ती स्वतःच्या पायावर रागावली होती.

आता तू ठरव.

धनवंता


फुलचूर, गोंदिया
२८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहायला बसत होतो आणि उठत होतो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मी ते पत्र घेऊन केशोराव सरांकडे गेलो. त्यांनीच मला अंपायरिंग शिकवलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि विचारलं, "त्या पोरीनं काय केलं?" मी म्हटलं, सर, ती हलली नाही. ते म्हणाले, "ते तिनं काय नाही केलं ते झालं. मी विचारून राहिलो, केलं काय? पाय पुढं टाकला? वाकली? हात लावला? बॉलच्या रस्त्यात सरकली?" मी डोळे मिटून तो बॉल पुन्हा पाहिला आत्या. तिनं काहीच केलं नव्हतं. "मग जाणूनबुजून कुठून आणलं रे?" असं त्यांनी विचारलं. ते मी माझ्या डोक्यातून आणलं होतं. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, त्यावरून मी तिचं मन वाचलं.

म्हणजे दुर्गा आउट होती, ते बरोबर. तिला बॉल लागला, भीतीनं लागो की कशानं, ती आउटच. पण दिव्या आउट नव्हती. ती पहिल्या बेसवर उभी राहायला हवी होती आणि तुमच्या आणखी एका पोरीच्या हाती बॅट यायला हवी होती. त्या टीमची एक संधी मी खाल्ली.

सामन्याचा निकाल आता बदलत नाही. अंपायरनं नजरेनं ठरवलेली गोष्ट नंतर मोडता येत नाही, आणि ते मला आयुष्यभर टोचेल. पण शब्द बदलता येतो. मी जिल्हा समितीला लेखी कळवलं आहे की रनर दुर्गानं जाणूनबुजून काही केलं नव्हतं, तो माझा चुकीचा अंदाज होता. नक्कल शाळेला पाठवली, एक तुझ्या या पाकिटात आहे. पॅनलचं जे व्हायचं ते होवो. तू ती आसारामभाऊंना वाचून दाखव. निवड २१ डिसेंबरला आहे. पोरीला पाठवा म्हणावं.

तुझा,
राजदीप


बोदलकसा
३ डिसेंबर २०२५

चि. राजदीप,
जयभीम.

आता कसा माझा भाचा शोभतेस! तुझं पत्र वाचून मी एकटीच हासली न् एकटीच रडली.

आसारामले तुझा कागद वाचून दाखवला. दोनदा वाचाले लावला. मंग म्हनते, "कागद चांगला आहे बाई. पन शब्द चार लोकायत निघाला, तो चार लोकायतच वापस घ्या लागते. आमच्यात असंच आहे. ज्याच्या तोंडून गेला त्यानं अंगनात येऊन तोंडानं म्हनावं. मंग पोरगी जाईन."

मी म्हनलं, तो नोकरीवाला मानूस आहे, साहेब आहे. तं म्हनते, "साहेब आहे म्हनूनच बोलवून राहिलो. बाकीच्यायच्या बोलन्याले कोन विचारते?"

आता तूच पाहा. येशील तं जेवून जाजो, तलावाची मच्छी ठेवते. नाही येशील तं पत्रही नोको धाडू.

तुझी आत्या,
धनवंता


फुलचूर, गोंदिया
८ डिसेंबर २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

निवडीच्या आधी अंपायरनं खेळाडूच्या घरी जाऊ नये, असा आमच्यात रिवाज आहे. आसारामभाऊंचाही एक रिवाज आहे. दोन्ही पाळता येतील असा रस्ता काढला. मी समितीला सांगून २१ तारखेच्या कामातून माझं नाव काढून घेतलं. त्या दिवशी मला भंडाऱ्याला दुसऱ्या सामन्याची ड्युटी दिली आहे. म्हणजे दुर्गाला पास-नापास करणाऱ्यांत मी नसेन. आता मी कुणाच्याही अंगणात जायला मोकळा आहे.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. शालीकराम सरांना आणि दिव्याला पण बोलव, शब्द तिच्यावरही गेला होता. मैदानात शंभर लोक ओरडतात तेव्हा मला काही होत नाही, पण या अंगणाची आतापासून भीती वाटून राहिली. तू माझ्या बाजूला उभी राहा.

आणि मच्छीत काटे कमी असू दे.

तुझा,
राजदीप


बोदलकसा
२२ डिसेंबर २०२५

चि. राजदीप,
जयभीम.

काल तू भंडाऱ्याले होतास, म्हनून सारं लिहून धाडते. फोनवर सांगतलं तं आवाज कटन.

पहिले तू गेल्यानंतरचं. तू अंगनात उभा राहून बोललास, हात जोडलेस, दिव्यालेही "माझी चूक झाली बेटा" म्हनलास. आसारामनं तुले नुसतं पानी देल्लं. तुले वाटलं असन तो अजून रुसला आहे. अरे, त्याच्या हातचं पानी म्हनजे झालं. तू गाडीत बसलास न् तो दुर्गाले म्हनते, "चल, बॉल आन." तवापासून रोज सांजच्याला बाप बॉल फेकते, पोरगी उड्या मारते. तो ओरडते, "हे जंगल नोहे व! हाल! हाल!" साऱ्या गल्लीले करमनूक. पहिले दोन दिवस तिच्या पोटऱ्यायले नुसती टेंगळं. मंग पाय सुटू लागले.

काल आम्ही तिघं दिव्या न् सरसंगं गोंदियाले गेलो. आसाराम पोरीचा खेळ पाहाले पहिल्यांदा आला. धुतलेला सदरा घालून माझ्याजवळ बसला, हात मांडीवर दाबून. निवडीचा सामना लावला होता. दुर्गा पहिल्या बेसवर, आन पाहा नशीब, बॅट दिव्याच्याच हाती! दिव्यानं मारला. बॉल जमिनीवरून आला तो दुर्गाकडंच. मी डोळे झाकले. आसाराम उभाच राहिला.

उडाली, राजदीप! हरनीवानी उडाली. पन हातभर उशिरा. टाचेले लागलाच.

अंपायरनं मूठ उगारली. दुर्गा आउट. आसाराम माझ्याकडं वळला. मले विचारते, "आता दुसरं का म्हनते तो?" मीही तेच पाहत होती. तो अंपायर दिव्याकडं वळला आन त्यानं हात करून तिले पहिला बेस दाखवला. जा म्हनला. बस. दिव्या पळत जाऊन बेसवर उभी राहिली, खेळ पुढं चालू.

"एवढंच?" आसाराम म्हनते. मी म्हनलं, "एवढंच."

तं त्या मानसानं टाळ्या वाजवल्या! साऱ्या मैदानात एकटा. पोरगी आउट झाली न् बाप टाळ्या पिटून राहिला. लोकं वळून वळून पाहू लागले, कोनी हासले. दुर्गा माती झटकत बाहेर आली, बापाले पाहिलं, आन इतक्या महिन्यायनी मी त्या पोरीले खदखदून हासताना पाहिलं.

सांजच्याला नावं वाचली. दुर्गाचं साऱ्यात शेवटी आलं, पन आलं. दिव्याचंही आलं. मी रडली, सर रडले. आसारामले मात्र त्या नावाचं काही नाही पडलं. तो आपल्याच धुंदीत. वापस येताना गाडीत कंडक्टरनं विचारलं, कुठून येऊन राहिले एवढे खुशीत? तं हा छाती काढून साऱ्या गाडीले ऐकू जाईन असा म्हनते, "माझी पोरगी आज आउट झाली. नुसती आउट!"

तुझी आत्या,
धनवंता